हरणं, मोर आणि रेघांच्या चौकटी : दख्खनच्या चित्रित मृद्भांड्यांचा आढावा

प्रवरा, गोदावरी, घोड आणि तापी या नद्यांच्या काठी पांढरीची, म्हणजे जुन्या वस्त्यांची टेकाडं आहेत. पावसाची एक मोठी सर येऊन गेली की तिथे खापऱ्या उघड्या पडतात. बहुतेक साध्याच असतात. काहींच्या तांबूस अंगावर मात्र काळ्या रंगाच्या रेघा दिसतात : समांतर पट्टे, तिरप्या रेघांनी भरलेले चौकोन, एकात एक बसवलेले त्रिकोण. क्वचित एखाद्या खापरीवर हरणाचं शिंग किंवा मोराची मान निघते. साडेतीन-चार हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांनी आपल्या भांड्यांवर कधी प्राणी, कधी माणसं आणि बहुतेक वेळा नुसत्या आकृत्या का काढल्या असाव्यात? पुढे पुढे प्राणी मागे पडून रेघांनीच सगळी जागा का घेतली? या प्रश्नांवर अभ्यासक गेली सत्तर वर्षं वेगवेगळी उत्तरं देत आले आहेत. त्यातलं काय टिकलं, काय मागे पडलं आणि काय अजून अधांतरी आहे, हे एकदा सलग पाहायला हवं.

शोधाची वाट

या विषयाची सुरुवात संगमनेर तालुक्यातल्या जोर्वे गावापासून होते. १९५०-५१ मध्ये ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी नाशिक आणि जोर्वे इथे उत्खनन केलं. जोर्व्याला सापडलेल्या, काळ्या नक्षीच्या तांबड्या भांड्यांना गावाचंच नाव मिळालं. त्यानंतरच्या दशकात एकामागून एक स्थळं उजेडात आली : खानदेशात बहाळ आणि प्रकाशे, गोदावरीच्या खोऱ्यात नेवासे आणि दायमाबाद, घोडनदीकाठी चांडोली. नर्मदेकाठी महेश्वरसमोरच्या नावडातोलीला डेक्कन कॉलेज आणि बडोद्याच्या विद्यापीठाने खणलं, तेव्हा माळव्याच्या चित्रित भांड्यांचं वैभव प्रथम समोर आलं. १९६८ ते १९८३ अशी सलग वर्षं शिरूर तालुक्यातल्या इनामगावला काम चाललं. त्याचा अहवाल १९८८ मध्ये निघाला आणि दख्खनच्या ताम्रपाषाणयुगीन गावाचं इतकं तपशीलवार चित्र प्रथमच उभं राहिलं.

या सगळ्यातून काळाचा एक ढोबळ क्रम ठरला. सर्वांत आधी, इसवी सनापूर्वी २००० च्या आगेमागे, तापीच्या खोऱ्यातली सावळदा संस्कृती. मग माळव्यातून आलेली, महाराष्ट्रात सुमारे इ. स. पू. १६०० ते १४०० या काळातली माळवा संस्कृती. तिच्यानंतर इ. स. पू. १४०० ते १००० पर्यंत जोर्वे, आणि इनामगावसारख्या ठिकाणी इ. स. पू. ७०० पर्यंत रेंगाळलेली उत्तर जोर्वे. दायमाबादला मध्ये उत्तर हडप्पा आणि खास दायमाबादचा असे आणखी दोन थर आहेत.

भांडी काय दाखवतात

सावळद्याच्या भांड्यांवर एक अनपेक्षित गोष्ट भेटते, ती म्हणजे हत्यारं. बाणांची टोकं, मासे मारायचे काटेरी भाले, गळ. जोडीला प्राणी आणि भौमितिक आकृत्याही आहेत. रोजच्या कामातली वस्तू उचलून तिचंच चित्र करण्याची ही पद्धत पुढच्या कुठल्याच थरात इतकी ठळक दिसत नाही.

माळव्याच्या भांड्यांचा थाट निराळा. फिकट पिवळसर किंवा नारिंगी विलेपावर काळ्या किंवा गडद तपकिरी रंगात रंगवलेली ही भांडी नावडातोलीत इतकी मिळाली, की नक्षीचे सहाशेहून अधिक प्रकार नोंदवले गेले. त्यात हरणं आहेत, मोर आहेत, हातात हात घालून नाचणाऱ्या माणसांची रांग आहे. तरी या सहाशेंमध्येही मोठा वाटा आहे तो चौकटी, समभुज चौकोन, जाळ्या आणि नागमोडी रेघांचाच. ‘माळवा म्हणजे प्राण्यांची चित्रं’ अशी जी समजूत पुस्तकांतल्या निवडक छायाचित्रांमुळे झाली आहे, तिला हा संग्रह दुजोरा देत नाही.

जोर्व्याचं भांडं हातात घेतलं तर आधी जाणवते ती बनावट. वेगवान चाकावर उतरवलेलं, पातळ अंगाचं, इतकं पक्कं भाजलेलं की टिचकी मारली तर धातूसारखं खणखणतं. ठरावीक घाट पुन्हा पुन्हा येतात : कमरेत कोन असलेले वाडगे आणि लांब तोटीची भांडी. नक्षी खांद्यावर किंवा काठाजवळच्या अरुंद पट्ट्यात, बहुधा दोन आडव्या रेघांच्या मध्ये. आडव्या रेघा चाक फिरत असताना कुंचला नुसता टेकवून ओढता येतात. त्यांच्या मधली तिरपी जाळी मात्र भांडं स्थिर ठेवून, एकेक रेघ हाताने ओढूनच भरावी लागते. म्हणजे तीन बोटं रुंदीच्या एका पट्ट्यात दोन वेगळ्या हालचाली एकत्र आलेल्या असतात, एक चाकाची आणि एक मनगटाची. प्राणी इथे अगदी विरळा.

उत्तर जोर्व्यात भांडी जाडीभरडी होतात आणि रंगकाम जवळजवळ थांबतं.

पहिलं उत्तर : बाहेरून आलेली चित्रं

सांकलियांच्या पिढीने या चित्रांकडे प्रथम पाहिलं ते संबंधांचा पुरावा म्हणून. नावडातोलीला पन्हळीसारख्या तोटीचा एक पेला मिळाला. तसे पेले इराणमधल्या सियाल्क इथल्या उत्खननात माहीत होते. चित्रांच्या मांडणीतही साम्य दिसत होतं. सांकलियांनी १९६३ मध्ये आणि नंतर नावडातोलीच्या अहवालात भारत-इराण संबंधांची ही मांडणी विस्ताराने केली. पश्चिम आशियातून आलेल्या लोकांचा, अगदी आर्यांचाही, या संस्कृतीशी संबंध असू शकेल, ही शक्यता त्यांनी उघडपणे चर्चेला ठेवली.

या मांडणीची बाजू लंगडी नव्हती. इराणपासून बलुचिस्तानपर्यंत चित्रित भांड्यांची मोठी परंपरा होतीच. बलुचिस्तानच्या कुल्ली भांड्यांवरचे लांबलचक अंगाचे, वाटोळ्या डोळ्यांचे बैल पाहिले की पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकणाऱ्या एका चित्रभाषेची कल्पना सहज सुचते. अडचण आली ती काळाची. सियाल्कची ज्या थरातली भांडी तुलनेला घेतली होती, ती नावडातोलीच्या कार्बन-१४ कालमापनाच्या तुलनेत उशिराची ठरत होती. पुढे कायथा, आहाड आणि सावळदा या संस्कृतींचे थर नीट समजल्यावर माळवा आणि जोर्वे यांची मुळं याच भूमीत शोधता येऊ लागली. आज बहुतेक अभ्यासक इराणमधल्या साम्याकडे दूरच्या संपर्काची शक्यता म्हणून पाहतात, स्थलांतराचा पुरावा म्हणून नाही.

दुसरं उत्तर : प्राण्याची झाली रेघ

कलेच्या इतिहासात या प्रश्नाला जुनी पार्श्वभूमी आहे. मानवशास्त्रज्ञ आल्फ्रेड हॅडन यांनी १८९५ मध्ये असं मांडलं की, कारागीर पिढ्यान्‌पिढ्या एकच चित्र उतरवत गेले की ते झिजत जातं, मूळ प्राणी ओळखू येईनासा होतो आणि शेवटी उरते ती नक्षी. या मताप्रमाणे जोर्व्याच्या चौकटी म्हणजे माळव्याच्या हरणांचे अवशेष. फ्रान्झ बोआस यांनी १९२७ मध्ये याच्या उलट बाजू लावून धरली. विणकाम, टोपल्या किंवा कुंचल्याची लयबद्ध हालचाल यांतून आकृती आपोआप जन्मते आणि नंतर लोक तिला अर्थ चिकटवतात, असं त्यांचं म्हणणं.

दख्खनच्या बाबतीत हॅडन यांचा क्रम टिकत नाही. माळव्याच्या थरात जाळीच्या चौकटी प्राण्यांच्या बरोबरीनेच काढलेल्या आहेत. त्या प्राण्यांनंतर आलेल्या नाहीत. बोआस यांच्या बाजूने मात्र एक ठोस दुवा आहे. नेवाशाला एका लहान मुलाच्या दफनात तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली, आणि मण्यांच्या आत धागा शिल्लक होता. तपासणीत तो कापूस आणि रेशीम यांचा असल्याचं सांगितलं गेलं. म्हणजे या लोकांना सूतकताई येत होती. कापड, चटया, टोपल्या जमिनीत कुजून गेल्या. भाजलेली माती तेवढी उरली. जोर्व्याच्या जाळ्यांमागे हरवलेलं विणकाम असेल ही कल्पना त्यामुळे पटण्याजोगी वाटते. सिद्ध करायला कापडाचा नक्षीदार तुकडा हाती नाही, हेही तितकंच खरं.

तिसरं उत्तर : चाक, आवा आणि मागणी

तंत्राकडे पाहणाऱ्यांचं म्हणणं साधं आहे. जोर्वे भांडी तापीपासून भीमेपर्यंत दूरदूरच्या स्थळांवर जवळजवळ एकाच साच्याची मिळतात. इतकं सारखेपण तेव्हाच येतं, जेव्हा कुंभार हा पेशा होतो आणि भांडी मोठ्या संख्येने भाजली जातात. इनामगावच्या अहवालात म. के. ढवळीकरांनी दाखवलं की कारागिरांची घरं वस्तीच्या पश्चिम कडेला होती आणि सुस्थितीतल्या लोकांची घरं मध्यभागी. अशा व्यवस्थेत हरणाच्या एकेका शिंगावर वेळ घालवण्यापेक्षा फिरत्या चाकावर पट्टे ओढणं व्यवहाराला धरून होतं.

या उत्तरातली उणीव वर सांगितलेल्या तिरप्या जाळीतच आहे. वेळ वाचवायचा असता तर कुंभाराने नुसते पट्टे ओढून भांडं खाली ठेवलं असतं. शेकडो बारीक रेघा हाताने भरायला हरणाहून कमी वेळ लागत नाही, अनेकदा जास्तच लागतो. तेव्हा वेगवान चाक हे एकमेव कारण असू शकत नाही.

शिवाय रंगवणारा हात कुणाचा? आपल्याकडे कुंभाराच्या चाकावर पुरुष बसतो, पण कच्छमधल्या खावड्याला आजही पुरुषाने घडवलेल्या भांड्यावर बांबूच्या काडीच्या कुंचल्याने रंगकाम करते ती बाई. जोर्व्यातही चाक एकाचं आणि कुंचला दुसरीचा अशी वाटणी असेल, तर चाकाच्या वेगावरून नक्षीचं कारण काढणं आणखी अवघड होतं. आजच्या कुंभारवाड्यावरून चार हजार वर्षांपूर्वीचा कुंभारवाडा थेट वाचता येत नाही, हे मान्य. पण शक्यतांची यादी त्यामुळे लांबते, आणि ती लांबायलाच हवी.

चौथं उत्तर : अर्थाची भाषा

सर्वांत मोहवणारं आणि सर्वांत निसरडं उत्तर हेच. नागमोडी रेघ म्हणजे पाणी, जाळी म्हणजे शेत, मोर म्हणजे परलोकाचा वाटाड्या. यातली मोराची कल्पना हडप्पाच्या दफनभूमीतल्या भांड्यांवरून आली. तिथल्या काही चित्रांत मोराच्या पोकळ पोटात एक लहानशी मानवाकृती आहे. माधोस्वरूप वत्स यांनी ती मृताचं सूक्ष्म शरीर मानली आणि वैदिक कल्पनांशी जोडली. लोथलच्या एका भांड्यावर झाडावर चोचीत मासा धरलेले पक्षी आणि खाली कोल्ह्यासारखा प्राणी आहे, शि. रं. राव यांनी त्यात पंचतंत्रातल्या धूर्त कोल्ह्याच्या गोष्टीची पूर्वखूण पाहिली. दोन्ही वाचनं आकर्षक आहेत. पण चित्र आणि त्याचा अर्थ सांगणारा ग्रंथ यांच्यामध्ये कित्येक शतकांची दरी आहे, आणि ती ओलांडायला मधला एकही पुरावा नाही.

त्या मानाने इनामगावचं एक उदाहरण अधिक भक्कम पायावर उभं आहे. तिथे दफनाशी संबंधित एका भांड्यावर लांब वल्ह्यांची नाव रंगवलेली आहे. मृताला पाणी ओलांडून जावं लागतं या समजुतीशी ढवळीकरांनी ती जोडली. इथे चित्र आणि त्याची जागा दोन्ही हाती आहेत, म्हणून अर्थ लावण्याला आधार मिळतो. खापऱ्यांच्या ढिगातून निवडलेल्या सुट्या नागमोडी रेघेला असा आधार नसतो.

विष्णु श्रीधर वाकणकरांनी आणखी एक दुवा दाखवला. भीमबेटका आणि मध्य भारतातल्या इतर शैलाश्रयांत काही चित्रांची भरणी, विशेषतः आडव्या-उभ्या रेघांचे चौकोन, माळव्याच्या भांड्यांवरच्या नक्षीशी जुळतात. त्यावरून त्या शैलचित्रांचा काळ ठरवायला मदत झाली. नदीकाठचे शेतकरी आणि डोंगरातले शिकारी यांची देवाणघेवाण होती, असा निष्कर्षही त्यातून निघतो. वारली चित्रांतल्या दोन त्रिकोणांच्या माणसाचा धागा मात्र काही लोक थेट इथपर्यंत नेतात, तो फार घाईचा आहे. मधल्या तीन हजार वर्षांचा पुरावा त्यासाठी लागेल.

भांड्यापलीकडे पाहिलं तर

या चारही उत्तरांत एक गोष्ट समान आहे : सगळ्यांनी फक्त रंगवलेल्या पृष्ठाकडे पाहिलं. त्याच लोकांनी त्याच मातीत आणखी काय घडवलं, हे शेजारी ठेवलं की प्रश्नाचं रूप बदलतं.

राजस्थानातली आहाड संस्कृती घ्या. तिच्या काळ्या-तांबड्या भांड्यांवर पांढऱ्या रंगाचे ठिपके आणि रेघा आहेत; प्राणी जवळपास नाहीतच. पण याच संस्कृतीच्या ओझियानासारख्या स्थळांवर मातीचे बैल मोठ्या संख्येने मिळाले, काही तर पांढऱ्या रंगाने सजवलेले. आहाडच्या माणसाला बैल घडवता येत नव्हता असं म्हणायची सोय उरत नाही. त्याने बैलाला भांड्यावर जागा दिली नाही, इतकंच.

नावडातोलीच्या एका मोठ्या साठवणीच्या रांजणावर चिकटकामात एका बाजूला स्त्री, दुसऱ्या बाजूला सरड्यासारखा प्राणी आणि मध्ये देवळीसारखी रचना आहे. धान्याच्या रांजणावर उठावाची आकृती आणि खाण्यापिण्याच्या भांड्यांवर रंगाच्या रेघा, अशी वाटणी त्यात सूचित होते. इनामगावला उत्तर जोर्व्याच्या आधीच्या, पूर्व जोर्व्याच्या थरात, म्हणजे भांड्यांवर भूमितीचं राज्य असताना, मातीच्या झाकणाच्या पेटीत ठेवलेली शिरविहीन देवी आणि तिच्याबरोबर बैल मिळाला. दोन्ही कच्च्या मातीचे. जोर्वेकरांना देवी आणि बैल घडवायचे होते तेव्हा त्यांनी ते घडवले, पण जेवणाच्या वाडग्यावर नाही.

दायमाबादला १९७४ मध्ये सापडलेल्या तांब्याच्या चार मूर्ती या संदर्भात नेहमी पुढे केल्या जातात. हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलांचा रथ, मिळून साठ किलोंहून अधिक वजनाच्या. पण त्यांचा काळच वादात आहे. त्या उत्खननात नव्हे, शेतकऱ्याला मिळाल्या; धातूत आर्सेनिकचं प्रमाण जास्त असल्यामुळे धर्मपाल अग्रवालांनी त्यांच्या प्राचीनतेवर शंका घेतली, तर ढवळीकर आणि इतरांनी त्यांना उत्तर हडप्पा काळात ठेवलं. म्हणून या युक्तिवादात त्यांच्यावर भार टाकणं योग्य नाही. मातीचे पुरावे पुरेसे आहेत.

या पुराव्यांवरून सर्वांत जास्त संभव वाटतो तो हा : दख्खनमध्ये प्राणी-माणसांची कला लोप पावली नाही, तिने जागा बदलली. जोर्वे काळात आकृती गेली देव्हाऱ्यात, खेळण्यात आणि चिकटकामात. वाडग्या-तोट्यांवर रेघ राहिली. तसं का झालं, हे अजून कुणीच समाधानकारक सांगितलेलं नाही.

उरलेले प्रश्न

पहिला प्रश्न मोजणीचा आहे. प्राण्याचं चित्र असलेली खापरी अहवालात छापली जाते, रेघांची शंभर खापरं ‘इत्यादी’त जातात. त्यामुळे कुठल्या थरात प्राणी किती आणि भूमिती किती, हे प्रमाण अनेक स्थळांसाठी नेमकं सांगता येत नाही. कुठल्या घाटाच्या भांड्यावर, भांड्याच्या कुठल्या भागावर, घरात की दफनात, ही माहिती जोडली गेली तर वर मांडलेली वाटणी तपासता येईल.

दुसरा प्रश्न शेवटाचा. उत्तर जोर्व्यात रंगकाम का थांबलं? ढवळीकरांनी इ. स. पू. १००० च्या सुमारास हवामान कोरडं झाल्याचं कारण दिलं : चौकोनी घरं जाऊन गोल झोपड्या आल्या, शेती आक्रसली, शिकार वाढली आणि नक्षी परवडेनाशी झाली. शीना पांजा यांनी १९९९ मध्ये इनामगावच्या स्थिर, सलग वस्तीच्या कल्पनेलाच प्रश्न विचारला. ग्वेन रॉबिन्स शूग यांनी बालकांच्या सांगाड्यांचा अभ्यास करून २०११ च्या पुस्तकात हवामानाच्या कारणाची फेरतपासणी केली. दारिद्र्य आलं म्हणून नक्षी गेली, हे समीकरण तसंही सरळ नाही. हाताशी काहीच नसलेली माणसंही भिंती आणि मडकी रंगवतात, हे भारतातल्या अनेक आदिवासी पाड्यांवर दिसतं.

तिसरा प्रश्न भिंतींचा. इनामगावची घरं कुडाची आणि मातीने लिंपलेली होती. त्या भिंतींवर काही रंगवलं असेल तर ते गेलं. प्राण्यांनी भांडं सोडून भिंत धरली असेल, ही शक्यता नाकारता येत नाही आणि दाखवताही येत नाही.

या प्रश्नांची उत्तरं नव्या उत्खननापेक्षा आधीच खणलेल्या साहित्यात मिळण्याची शक्यता जास्त आहे. जोर्वे, नेवासे, नावडातोली आणि इनामगावच्या खापऱ्या विद्यापीठांच्या आणि पुरातत्त्व खात्यांच्या संग्रहांत आहेत. रंगवलेल्या आणि साध्या अशा सगळ्या खापऱ्यांची थर, घाट आणि नक्षीनुसार मोजणी करून छायाचित्रांसह ती सर्वांना खुली करणं हे काम संस्थांनी हाती घ्यावं. आणि नदीकाठच्या शेतात नांगरताना काळ्या रेघांची खापरी वर आली, तर ती उचलून घरी नेऊ नये. जागा लक्षात ठेवावी आणि पुरातत्त्व खात्याला कळवावं. थरातून सुटलेल्या खापरीवर हरीण असलं तरी ते कुणाच्या घरातलं, हे नंतर कुणालाच सांगता येत नाही.